अन्ननलिकेतली बुरशी

पेज घशाखाली उतरताना छातीच्या मधोमध चरचरलं, की रत्नागिरीत काय किंवा कुठेही, पहिला संशय आम्लपित्तावर जातो. कधी कारण वेगळंच असतं: कॅन्डिडा नावाची बुरशी. निरोगी माणसाच्या तोंडातही ती निमूट राहते. एचआयव्ही, केमोथेरपी, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा दम्याचा स्टेरॉइड पंप ओढल्यावर चूळ न भरणं, यांनी तिला रान मोकळं मिळतं. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या भिंतीवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात. पाण्याच्या फवाऱ्याने ते निघत नाहीत. खरवडले तर खाली लालभडक, सोललेलं अस्तर.

दुखतं म्हणून माणूस जेवण टाळतो, मग पाणीही. पहिली गुंतागुंत हीच, आणि तीच आपण हलकी धरतो. वजन उतरतं, एचआयव्हीच्या गोळ्याही गिळवत नाहीत आणि बुरशीचं आणखी फावतं. क्वचित व्रणातून रक्तस्राव होतो, नळी अरुंद होते, फारच क्वचित तिला भोक पडतं. पांढऱ्या पेशी खूप घटल्या असतील तर बुरशी रक्तात उतरू शकते. ते जिवावर बेततं.

अशा बुरशीवरचं हॅमायसिन महाराष्ट्राच्याच मातीतलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास ते तिथल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. तोंडातल्या चट्ट्यांवर ते लावत. अन्ननलिकेसाठी मात्र वरून लावणं पुरत नाही. रक्तातून पोचणारं फ्लुकोनॅझोल साधारण १४ ते २१ दिवस घ्यावं लागतं. थोड्याच दिवसांत गिळणं सुधारतं, तरी गोळ्या मध्येच सोडू नका. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण फ्लुकोनॅझोलमुळे त्याचा परिणाम वाढतो.