जहाजावशेष, युद्धकालीन

सशस्त्र संघर्षाच्या काळात बुडालेल्या मालवाहू जहाजांचे तळाशी पडून राहिलेले सांगाडे. त्यांपासून पर्यावरणाची हानी दोन टप्प्यांत होते. बुडताना काही तेल व माल पाण्यात सांडतो; उरलेला टाक्यांत आणि मालकोठ्यांत कोंडून राहतो. खाऱ्या पाण्यात पोलाद दरवर्षी सुमारे ०·१ मिमी. गंजते. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) सांगाडे आता फुटू लागण्याचे कारण हेच. इंधनतेल पृष्ठावर तरंगते. दारूगोळ्यातील टीएनटी मात्र सावकाश विरघळून शिंपल्यांच्या शरीरात उतरते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतील होय. १४ एप्रिल १९४४ रोजी तेथे ‘फोर्ट स्टिकीन’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा आणि जोडीला कापसाचे गठ्ठे व तेलाची पिंपे होती. हा शत्रूचा हल्ला नव्हे. परंतु असा ज्वालाग्राही माल एकत्र भरणे युद्धाच्या निकडीमुळेच घडले. शेकडो माणसे दगावली, शेजारची अनेक जहाजे बुडाली. राडारोडा उपसण्यास कित्येक महिने लागले, तरी २०११ मध्येही गोदीच्या परिसरात जिवंत तोफगोळे सापडले.

ठाण्याची खाडी याच बंदराला मिळते. त्यामुळे बंदरातील प्रदूषण भरतीबरोबर खाडीत शिरू शकते. ७ ऑगस्ट २०१० रोजी झालेल्या टकरीनंतर ‘एमएससी चित्रा’ जहाजातून सुमारे ८०० टन तेल सांडले. अपघात शांतताकाळातील असला, तरी खारफुटीची श्वसनमुळे तेलाने माखली की झाडे गुदमरतात, हा धडा दोन्हींस सारखाच लागू पडतो. खाडीतील रोहित पक्षी अभयारण्य (२०१५) २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आले.

अलीकडे तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्राच्या माऱ्याने निकामी झालेले ‘रुबीमार’ जहाज २ मार्च २०२४ रोजी सुमारे २१,००० टन खतासह बुडाले. तत्पूर्वीच तेलाचा सु. २९ किमी. लांबीचा तवंग पसरला होता. खत विरघळल्यास शैवलांची बेसुमार वाढ होते व त्यांच्या कुजण्याने पाण्यातील ऑक्सिजन घटतो. बुडालेली जहाजे हटविण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा नैरोबी करार (२००७) २०१५ पासून अंमलात आहे व भारत त्याचा सदस्य आहे. तथापि युद्धकृत्यामुळे जहाज बुडाल्यास मालकाला खर्चातून सूट मिळते. हा भार मग बहुधा किनारी राष्ट्रावरच पडतो.