एका मापाची मिरास

कॅमेऱ्यांच्या दुकानात आज ‘फुल-फ्रेम’ हा शब्द एखाद्या मानाच्या पदवीप्रमाणे उच्चारला जातो. परंतु त्यामागे आहे ते एक साधे माप, आणि ते कोठून आले हे समजल्यावाचून या कॅमेऱ्याची खरी थोरवी ध्यानात यावयाची नाही. अशा कॅमेऱ्याचे भिंग उतरवून पडदा उघडला, की आत टपालाच्या तिकिटाएवढा, रंगीत झाक मारणारा एक तुकडा दिसतो. त्याची रुंदी ३६ मिलिमीटर, उंची २४. हाच संवेदक; पूर्वी जे काम फिल्म करी, ते आता याच्याकडे आहे.

हे माप अंकीय युगाने ठरविलेले नाही. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात काम करणारे ओस्कार बार्नाक यांनी १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म एका लहानशा कॅमेऱ्यात आडवी चालविली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची जागा एका छायाचित्रास दिली; १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि कालांतराने हीच चौकट जगाचा दस्तुर झाली. पुढे भिंगे घडविणाऱ्यांनी आपला हिशेब पिढ्यान्पिढ्या तिच्यावरच बसविला.

अंकीय कॅमेऱ्याने तो हिशेब विस्कटला. १९९९ सालच्या निकॉन डी१ मधील संवेदक इतका लहान होता, की जुन्या भिंगाने टाकलेल्या प्रतिमेचा केवळ मध्यभाग टिपला जाई. २८ मिलिमीटरचे रुंद भिंग ४२ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागे. लहानशा माजघरात भिंतीला पाठ टेकून उभे राहिले, तरी पूर्वी एका चित्रात मावणाऱ्या कुटुंबातील दोन्ही टोकांची माणसे चौकटीबाहेर राहत.

मोठा संवेदक करणे मात्र सोपे नव्हते. संवेदक सिलिकॉनच्या चकतीतून कापतात. तुकडा जितका मोठा तितके नग कमी, आणि एका दोषापायी वाया जाणारा मालही तितकाच अधिक. शिवाय एवढ्या क्षेत्रावरील आकृती यंत्रातून एका वेळी उमटत नसल्याने ती भागाभागांनी उमटवून बेमालूम सांधावी लागे. पेंटॅक्सने २००० साली दाखविलेला असा कॅमेरा बाजारात येण्यापूर्वीच रद्द झाला. २००२ साली काँटॅक्सचा एन डिजिटल आला. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या ११ मेगापिक्सेलच्या ईओएस-१डीएसने हे माप व्यवसायात रुजविले, आणि २००५ सालच्या ५डीने ते आटोपशीर देहात व तुलनेने कमी किमतीत आणले.

या मापाचा दुसरा गुण २००७ सालच्या निकॉन डी३ ने उघड केला. पूर्ण चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, म्हणजे डी१ च्या सव्वादोन पटींहून अधिक. तेवढ्या जागेवर केवळ १२ मेगापिक्सेल ठेवल्यामुळे प्रत्येक बिंदूच्या वाट्याला भरपूर प्रकाश आला. निरांजनाच्या उजेडातला चेहरा, जो लहान संवेदकावर रंगीत ठिपक्यांनी भरून जाई, तो येथे शांत व स्वच्छ उमटू लागला. २०१३ साली सोनीच्या ए७ ने भिंगातून आलेली प्रतिमा डोळ्याकडे वळविणारा आतला आरसाच काढून टाकला, आणि २०१८ साली निकॉन व कॅनन यांनीही तीच वाट धरली.

आरसा गेल्यामुळे भिंग व संवेदक यांतील अंतर घटले, आणि मधे एक साधे कडे बसवून जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांची बहुतेक भिंगे नव्या कॅमेऱ्यावर लावता येऊ लागली; तीही आपल्या मूळ विस्तारासह, कारण चौकट तीच आहे. म्हणून वाचकहो, वडिलांचा जुना कॅमेरा कपाटात पडून असेल, तर तो मोडीत काढू नका. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरणार नाही एवढी काळजी घ्या, आणि ते भिंग एकवार नव्या कॅमेऱ्यावर लावून पाहा.