घोटलेला घेवडा : चरबीवर की तेलावर?

मेक्सिकोत ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ घरोघर होतात. शिजलेला घेवडा (आपल्या राजम्याचाच भाऊबंद) कढईत परतून घोटायचा. नावावरून दोनदा तळतात असे वाटेल, पण तिथे ‘रे’ म्हणजे ‘चांगले, पुष्कळ’.

जुन्या रीतीत डुकराची चरबी घालतात. तिच्यात संपृक्त मेदाम्ले बरीच असतात, म्हणून निवल्यावर ती थिजते. तेलात असंपृक्त मेदाम्ले जास्त; ते पातळच राहते. पण दाटपणा येतो तो मुख्यतः घेवड्यातील पिष्टामुळे, त्यामुळे तेलावरही पदार्थ उत्तम जमतो. आणि चरबीची रीत तरी किती जुनी? डुकरे तिथे आली १५१९ नंतर, स्पॅनिशांबरोबर. घेवडा मात्र हजारो वर्षे पिकत होता! शाकाहारी असाल तर विकतच्या डब्यावरील घटकांची यादी आधी वाचा. नुसत्या चवीवरून चरबी ओळखू येईलच असे नाही.