चीतपट झाल्यावर पुढे काय?

बडनेऱ्याहून नागपूरकडे निघालेल्या गाडीला वाटेत लागणारे चांदूर रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. हा सारा मुलूख आखाड्यांचा. जवळच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. अशा मुलखातील तरुणांच्या हाती मोबाईलवाटे आता जाळीच्या पिंजऱ्यातील ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’च्या झुंजी आल्या आहेत. मुष्टियोद्धा, मल्ल आणि हा पिंजऱ्यातला वीर यांत खरा जबरदस्त कोण, हा वाद मग ओघानेच आला.

वस्तुतः हा वाद माणसांचा नसून नियमांचा आहे. झुंज कोठे संपते, हे ज्याचा त्याचा नियम ठरवितो. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनुसार मुष्टियुद्धात खाली पडलेल्यास दहा सेकंदांची उसंत मिळते. तोवर त्याला स्पर्श करावयाचा नाही. आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल झाला. पिंजऱ्यात मात्र पाठ टेकणे हा पराभवच नव्हे. किंबहुना, निम्मी झुंज तेथूनच सुरू होते.

डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील टल्सा येथे डॅन सेव्हर्न हा भारदस्त मल्ल ब्राझीलच्या सडपातळ रॉइस ग्रेसीला खाली दाबून सुमारे पाव तास त्याच्यावर ठाण मांडून होता. वऱ्हाडातल्या दंगलीत एवढ्या वेळात डफडे वाजून फेटाही बांधून झाला असता! पण खालच्या ग्रेसीने दोन्ही पायांची कैची मानेला घातली आणि वरच्या सेव्हर्नलाच हार मानावी लागली. हरियाणाची मल्ल रितू फोगाट २०१९ मध्ये ह्या खेळात उतरली. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरच्या अंतिम लढतीत तिने थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सला खाली पाडले, आणि खालूनच स्टॅम्पने तिचा हात कोपरात अडकवून डाव संपविला.

मल्लाला येथे पहिली अडचण येते ती सवयीची. एकेरी पट, दुहेरी पट, कमरेची पकड ही आखाड्यातील पुंजी पिंजऱ्यात सोन्याच्या मोलाची आहे. परंतु पाठ वाचविण्यासाठी झटकन पोटावर वळावयाचे, ही वस्तादांनी लहानपणापासून अंगात भिनविलेली गोष्ट तेथे घातक ठरते. वळलेल्याच्या पाठीवर प्रतिस्पर्धी बसतो आणि त्याचा हात गळ्याभोवती येतो. मुष्टियोद्ध्याचे हाल तर अधिकच. २०१० मध्ये माजी जगज्जेता जेम्स टोनी पिंजऱ्यात उतरला. रँडी कूचरने त्याला पहिल्याच फेरीत खाली ओढून गळपकडीत संपविले. २०१७ मध्ये पिंजऱ्यातला नामांकित कॉनर मॅकग्रेगर मुष्टियुद्धाच्या रिंगणात गेला, तेव्हा फ्लॉइड मेवेदरने दहाव्या फेरीत त्याचा निकाल लावला. आणि १९७६ मध्ये टोकियोला नियमांची खिचडी करून महंमद अली व इनोकी यांची गाठ घातली, तेव्हा इनोकी बराच वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला. पंधरा फेऱ्यांनंतर सामना बरोबरीत सुटला. प्रेक्षकांचे पैसे मात्र गेले.

इजेचे काय? पिंजरा दिसतो रानटी. पण कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात लढतीत शुद्ध हरपण्याचे प्रमाण मुष्टियोद्ध्यांत सुमारे ७ टक्के, तर पिंजऱ्यातल्यांत सुमारे ४ टक्के आढळले. एकूण दुखापती मात्र पिंजऱ्यात जास्त. ज्या दहा सेकंदांना दया म्हणावयाचे, ते हादरलेल्या मेंदूला पुन्हा मारासाठी उभे करतात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. पिंजऱ्यात पडलेल्यावर मार सुरूच राहतो, हे खरे. तेथे सारा भरवसा पंचाच्या नजरेवर असतो.

म्हणूनच तालुक्याच्या गावी एखाद्या खोलीत गाद्या अंथरून, पडद्यावरचे डाव पाहून गळपकड शिकणाऱ्या मुलांची काळजी वाटते. मातीतल्या वस्तादाला कोणता डाव केव्हा सोडवावयाचा हे ठाऊक असते. मोबाईलला ते ठाऊक नसते. शिवाय कुस्ती आणि मुष्टियुद्ध २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आहेत, पिंजरा नाही. चांदूरच्या एखाद्या बापाने पोराला आधी दोन वर्षे आखाड्यात घातले आणि पिंजऱ्याचे मग पाहू म्हटले, तर त्याला जुनाट म्हणण्याचे कारण नाही; पट काढावयास तेथेच उत्तम शिकवितात.