रुळांकाठचा रमण राघव

कर्जतहून मुंबईला जाणारी आमची लोकल ज्या मार्गावरून धावते, तो मूळचा जीआयपी रेल्वेचा. १९६५-६६ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांत याच मार्गालगत रात्री निजलेल्या एकोणीस जणांवर घाव पडले, नऊ दगावले. १९६८ साली उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा तेच! मारणाऱ्याचे नाव रमण राघव.

अनुराग कश्यप यांचा 'रमन राघव २.०' (२०१६) आरंभीच सांगून टाकतो की, ही त्या रमणची कथा नव्हे. नवाजुद्दीन सिद्दीकी अंगावर काटा आणतात, यात वाद नाही. पण मागावरचा पोलीस अधिकारी नशेच्या आहारी गेलेला, शेजघरातही क्रूर. शिकारी आणि सावज एकाच माळेचे मणी! कल्पना चमकदार खरी. (मुलाबाळांना घेऊन पाहण्याजोगी मात्र नव्हे.)

प्रत्यक्षातला तपास रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली चालला होता. २७ ऑगस्ट १९६८ रोजी फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी वर्णनावरून रमणला रस्त्यात हेरले. कोठडीत तो काही केल्या बोलेना. अखेर कोंबडीचे जेवण झाले, केसांना तेल मिळाले, तेव्हा कुठे स्वारीने तोंड उघडले आणि हत्यार लपवल्याची जागा दाखवली. यापुढे कोणत्या पटकथाकाराने काय रचावे? फाशीची शिक्षा झाली. वेडामुळे ती जन्मठेपेवर आली. १९९५ साली तो पुण्यात मेला.

त्याने मारले ते बहुतेक पदपथांवर नि झोपड्यांत निजणारे. चित्रपटात त्यांना फारशी जागा नाही. कुर्ल्याच्या आसपास रुळांकाठच्या झोपड्या दिसू लागल्या की, माझी नजर आधी त्यांच्या दारांकडे जाते.