साखळी यंत्रातला टप्पा

फळा पुसणे, छत्री उघडणे, गल्ल्यात नाणे टाकणे अशी साधी कामे मुद्दाम लांबच्या वाटेने करून दाखवणारी यंत्रे विद्यार्थी स्पर्धेसाठी बांधतात. गोटी घरंगळते, तिच्या धक्क्याने तरफ कलते, तरफेला बांधलेली दोरी खिळा ओढते, मोकळे झालेले वजन खाली येते, आणि असे होत होत शेवटी नाणे गल्ल्यात पडते. अशा साखळी यंत्राची गुणवत्ता ठरवताना परीक्षकांना आधी टप्पे मोजावे लागतात. म्हणून स्पर्धेच्या नियमावलीत सर्वांत जास्त काळजीने लिहिलेला भाग टप्प्याच्या व्याख्येचा असतो.

या यंत्रांना अमेरिकन व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग (1883–1970) यांचे नाव मिळाले आहे. 1904 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या गोल्डबर्ग यांनी पुढे कुंचला धरला. त्यांच्या 1931 मधल्या एका प्रसिद्ध चित्रात सूप पिणाऱ्या माणसाचे तोंड आपोआप पुसले जाते. चमचा वर गेला की दोरी ताणली जाते, पळीतले बिस्किट पोपटासमोरून उडते, पोपट त्यावर झेप घेतो, दांडी कलून दाणे बादलीत सांडतात, बादलीच्या वजनाने लायटर पेटतो, अग्निबाण सुटतो, त्याला बांधलेला विळा दोरी कापतो आणि लंबकाला लावलेला रुमाल तोंडावरून फिरू लागतो. आजच्या स्पर्धेत हे यंत्र पहिल्याच तपासणीत बाद होईल, कारण जिवंत प्राणी आणि स्फोटक पदार्थ यांना तिथे बंदी आहे. तरी टप्प्यांची रचना कशी असावी याचा उत्तम धडा याच चित्रात मिळतो. त्यातली प्रत्येक क्रिया आधीच्या क्रियेमुळेच घडते आणि कोणत्याही दोन क्रिया एकसारख्या नाहीत.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या दोन संघटनांमध्ये 1949 ते 1955 या काळात अशी यंत्रे बांधण्याची चुरस चाले. 1983 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि 1988 पासून राष्ट्रीय पातळीवर गेली. शालेय विद्यार्थ्यांच्या ‘सायन्स ऑलिम्पियाड’मधली ‘मिशन पॉसिबल’ ही स्पर्धाही याच जातीची. भारतात काही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत ‘कॉन्ट्रॅप्शन’ या नावाने तिचे रूप दिसते.

पर्ड्यूच्या परंपरेत टप्पा म्हणजे एका क्रियेकडून दुसऱ्या क्रियेकडे होणारे ऊर्जेचे हस्तांतरण. व्याख्या एवढीच, पण तिच्यातून बरेच काही निघते. ओळीने उभे केलेले पन्नास डॉमिनो एकामागून एक पडले तर टप्पा एकच, कारण तीच क्रिया पुन्हा पुन्हा घडली. शेवटच्या डॉमिनोने पाण्याची बाटली कलंडवली तर दुसरा टप्पा, त्या पाण्याने भांड्यातले बूच वर उचलले तर तिसरा. गोटी उतारावरून कितीही वळणे घेत गेली तरी तिचे घरंगळणे एकदाच मोजले जाते. हा नियम नसता तर स्पर्धा सामान जमवण्याची झाली असती. या नियमामुळे विद्यार्थ्यांना दर वेळी नवी युक्ती शोधावी लागते.

दुसरी अट कार्यकारणाची. साखळीला फाटा फुटला आणि एका फाट्यावर भिंगरी फिरून थांबली, पण शेवटच्या कामाला तिचा काही हातभार लागला नाही, तर ती सजावट ठरते. ‘मिशन पॉसिबल’मध्ये गुण मिळवायचे तर क्रिया शेवटच्या कामापर्यंत जाणाऱ्या मुख्य वाटेवरच असावी लागते. याची परीक्षा सोपी आहे: टप्पा काढून टाकला तर यंत्र तिथे अडले पाहिजे. तो काढूनही काम पूर्ण होत असेल, तर तो टप्पा साखळीत नव्हताच. संघाने सर्व क्रियांची क्रमवार यादी आधी लिहून द्यायची असते आणि यंत्रावर त्या त्या जागी खूण करायची असते, म्हणजे परीक्षकाला यादीशी ताडून पाहता येते. ही यादी लिहितानाच अनेक चुका सापडतात. ‘यामुळे’ हा शब्द जिथे ओढून ताणून लिहावा लागतो, तिथे यंत्रही बहुधा अडते.

टप्प्यांच्या संख्येलाही मर्यादा असतात. राष्ट्रीय स्पर्धेत किमान 20 टप्पे ही अट बराच काळ होती. पुढे काही वर्षांच्या नियमांत कमाल 75 अशी वरची हद्द आली. त्याआधी संख्या फुगतच गेली होती: पर्ड्यूच्या संघाने 2011 मध्ये कुंडीला पाणी घालण्यासाठी 244, तर 2012 मध्ये फुगा फुगवून फोडण्यासाठी 300 टप्प्यांचे यंत्र बांधले. पराक्रम मोठाच, पण वरची हद्द घालणे योग्य होते. शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर चालणारा टप्पा भरवशाचा वाटतो. असे 20 टप्पे जोडले की सगळी साखळी न अडता चालण्याची शक्यता सुमारे 82 टक्के उरते, 75 जोडले की 47 टक्के आणि 300 जोडले की जेमतेम 5 टक्के. तीनशे टप्पे चालवायचे तर एकेक टप्पा हजारात एकदापेक्षा जास्त चुकता कामा नये, आणि तेवढे साधूनही चार फेऱ्यांत एखादी फसण्याची भीती राहतेच.

ऊर्जेचा हिशेब हा यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग. दहा ग्रॅमची गोटी तीस सेंटिमीटर खाली आली तर तिच्याकडे सुमारे 0.03 ज्यूल ऊर्जा येते, आणि घर्षणात त्यातलीही काही जाते. एवढ्यावर वीस टप्पे चालणे अवघड. म्हणून बहुतेक टप्प्यांत ऊर्जा आधीच साठवलेली असते: ताणलेले रबर, उंचावर टांगलेले वजन, दाबलेली स्प्रिंग, बॅटरी. आधीच्या क्रियेने फक्त खटका ओढायचा. उभा डॉमिनोसुद्धा साठवलेली ऊर्जाच असतो, म्हणून तो आपल्यापेक्षा सुमारे दीडपट मोठा डॉमिनो पाडू शकतो. खटका हलका आणि सुटणारी ऊर्जा भरपूर असली की टप्पा भरवशाचा होतो. मात्र खटका फार हलका ठेवला तर टेबलाला लागलेल्या धक्क्यानेही तो सुटतो.

यासाठी महागडे सामान लागत नाही. चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावातल्या शाळेलाही गोट्या, कॅरमच्या सोंगट्या, ठिबकच्या नळीचे तुकडे, सिरिंज, सायकलच्या ट्यूबचे रबर आणि सुतळी सहज जमवता येते. पाण्याने भरलेल्या दोन सिरिंज नळीने जोडल्या की एकीचा दट्ट्या दाबताच दुसरीचा वर येतो. हा द्रवदाबाचा टप्पा झाला. खरी अडचण यंत्र दुसऱ्या गावी नेण्यात येते. वर्गातल्या सपाट फरशीवर चालणारी गोटी मंडपातल्या कलत्या टेबलावर भलतीकडे जाते, म्हणून यंत्र एकाच फळीवर बांधून फळीच्या चारही कोपऱ्यांना उंची कमीजास्त करता येणारे बोल्ट लावणे शहाणपणाचे.

वेळेचे नियम स्पर्धेगणिक बदलतात. राष्ट्रीय स्पर्धेत यंत्राने दोन मिनिटांत काम संपवावे अशी अट असे. ‘मिशन पॉसिबल’मध्ये ठरवून दिलेल्या वेळेच्या जितके जवळ, तितके गुण अधिक. त्यासाठी वाळू सांडणे किंवा पाणी ठिबकणे असे संथ टप्पे मुद्दाम घालतात.

यंत्र मध्येच अडले तर विद्यार्थ्याला हात लावता येतो, पण दर वेळी गुण कापले जातात. हाताच्या स्पर्शाने जी क्रिया पूर्ण झाली तिचे गुण मिळत नाहीत. तिथून पुढे साखळी पुन्हा आपापली चालू लागली, तर पुढचे टप्पे मोजणीत धरले जातात.