कारखाना कंपनीच्या नावावर घेताना

टॉवेलचा कारखाना प्रोप्रायटरशिपवर असला, तर सूत व्यापाऱ्याची थकबाकी थेट मालकाच्या घरादारावर येते. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये भागधारकाची जबाबदारी शेअरच्या रकमेपुरतीच. मर्यादित जबाबदारीचं जुनं उदाहरण म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी: तिच्या प्रेफरन्स शेअरवर 100 पैकी 50 रुपयेच भरलेले होते. उरलेल्या 50 च्या मागणीवरून झालेला खटला 1953 मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. त्या 50 पलीकडे भागधारकाकडे मागण्यासारखं काही नव्हतंच.

आज प्रायव्हेट लिमिटेडला दोन भागधारक, दोन संचालक पुरतात. एकट्याला 2013 च्या कायद्याने एकल व्यक्ती कंपनीची सोय दिली. किमान भांडवलाची अट 2015 मध्ये गेली. मात्र कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. तिथे सही केली, की घर पुन्हा अडकलं! शिवाय धंदा चालो न चालो, दरवर्षीचं ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रं चुकत नाहीत.